विसरायचं औषध



गोदीतला जोडीदार विचारत होता, "मीटिंगला काय वाचणार, कविता?" म्हटलं, नाय, या वेळी खेळावर बोलणार. कॉम्प्युटरवरच्या. तो हसला. तुम्हीही हसून घ्या. मग ऐका.

खेळाचं नाव 'अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट'. स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गच्या 'फ्रिक्शनल गेम्स' या छोट्या मंडळींनी २०१० साली काढलेला. त्यात साल आहे १८३९. प्रशियातला ब्रेनेनबर्गचा किल्ला. डॅनियल नावाचा इंग्रज तिथं जमिनीवर शुद्धीवर येतो. काही आठवत नाही. मग पत्र सापडतं, त्यानंच स्वतःला लिहिलेलं: विसरायचं औषध मी आपणहून प्यालो; आत खोल जा आणि अलेक्झांडरला ठार कर. हा अलेक्झांडर म्हणजे किल्ल्याचा मालक, सरदार.

हातात हत्यार नाही. याच मंडळींच्या २००७ च्या 'पेनंब्रा: ओव्हर्चर'मध्ये निदान हातोडा नि कुदळ होती. इथं तेही काढून घेतलंय. राक्षस आला की पळा, कपाटात शिरा, अंधारात भिंतीकडं तोंड करून बसा. त्याच्याकडं टक लावून पाहिलं तरी डोकं फिरतं. अंधारात बसूनही फिरतं. दिवा लावावा तर तो बघणार, आणि कंदिलाचं तेलही मोजकं. पाणी भरलेल्या तळघरात तर तो दिसतच नाही. नुसती छपछप ऐकू येते, आणि आपण खोक्याखोक्यांवरून उड्या मारत सुटतो.

मधे कोडी. रसायनं हुडकायची, आम्ल बनवायचं, वाट अडवणारी घाण जाळायची. बंद पडलेली लिफ्ट चालू करायची. कोडं सुटलं की डोकं जरा ताळ्यावर येतं. हे मला एकदम पटलं. रात्रपाळीला बोजा अडकतो, कुणाला काही सुचत नाही, आणि एकाला पेच सापडला की सगळ्या टोळीचा जीव भांड्यात पडतो.

इथवर आपण बिचारे. मग डायरीची पानं सापडत जातात. डॅनियलनं अल्जीरियातल्या थडग्यातून एक गोळा उकरला, तेव्हापासून एक सावली त्याच्या मागे लागली. वाचायला म्हणून तो अलेक्झांडरकडं आला आणि त्याच्या तळघरात माणसं छळू लागला. छळलेल्या देहातून सत्त्व काढायचं, त्यावर आपला जीव वाचवायचा. हे कैदी गुन्हेगार आहेत, असं अलेक्झांडर म्हणाला. यानं मानलं. मानणं सोयीचं होतं.

आता औषधाचं ऐका. कैदी छळाला सरावतात, म्हणून त्यांना विसरायचं औषध पाजायचे. विसरला की भीती नवी, किंकाळी नवी. आणि छळणारा ते प्यायला की निष्पाप होऊन उठतो! औषध एकच. एकाला पुन्हा पहिल्यापासून मारायला, दुसऱ्याला मोकळं सोडायला.

रात्री अडीचला हे कळलं आणि मी कॉम्प्युटर बंद केला. च्यायला, इतके तास मी कुणाचा जीव वाचवत होतो?

शेवट तीन आहेत. एकात अलेक्झांडर मरतो आणि डॅनियल किल्ल्याच्या दारातून बाहेर पडतो, आपला हिशेब फिटला असं स्वतःला सांगत. देणेकऱ्यानंच पावती फाडायची? ज्यांचं देणं होतं ते कुठं गेले? त्यातल्या बहुतेकांचे आपण फक्त आवाज ऐकलेत, भिंतीतून. एवढा चांगला खेळ, पण डोळे दिले ते छळणाऱ्याचे.

२०२० साली फ्रिक्शनलनं या खेळाचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. चित्रं नि आवाज त्यात नाहीत, ते आपले आपण आणायचे. आपल्यात कोड लिहिणारी पोरं आहेत, पोरी आहेत. उचला तो कोड. खेळ तळघरातच ठेवा, अंधारही ठेवा. पण या वेळी शुद्धीवर येऊ द्या कैद्याला. आपल्याला काय झालं ते आठवणं, एवढंच त्याचं कोडं. आणि पेला पुन्हा तोंडाशी आला, की दात घट्ट मिटून धरायचे.