आकडा वाढला म्हणून औषध सोडू नका
(आरोग्य कार्यकर्त्या भगिनीने मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



मुरबाडच्या पुढे एका पाड्यावर आपले एक काका राहतात. त्यांचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला आहे. केमो सुरू झाल्यावर महिन्याभराने रक्त तपासलं, तर सीईएचा आकडा आधीपेक्षा वाढलेला. गावात कुणी म्हणालं, “औषध लागू पडत नाही.” काकांनी पुढच्या तारखेला जायचंच नाही असं ठरवलं. मला हे कळलं आठ दिवसांनी.

सीईए हे एक प्रथिन. गोल्ड आणि फ्रीडमन या कॅनडातल्या दोन डॉक्टरांनी १९६५ साली त्याचा शोध लावला. निरोगी माणसात ते रक्ताच्या एका मिलिलिटरमागे साधारण ५ नॅनोग्रॅमच्या आत असतं. विडी ओढणाऱ्यात जास्त निघतं. आपल्याकडे हे आधी विचारायलाच हवं! यकृताच्या दुसऱ्या आजारांतही वाढतं. उलट काही गाठी ते रक्तात सोडतच नाहीत. मग आकडा चांगला दिसतो आणि रोग आत वाढत राहतो. म्हणून उपचाराआधीचा आकडा जपून ठेवायचा आणि पुढचे त्याच्याशी ताडून पाहायचे.

काकांचं सांगते. केमोच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत काही जणांचा आकडा तात्पुरता चढतो. मरणाऱ्या पेशींतून हे प्रथिन रक्तात उतरतं, असं मानतात. डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून घेतला. गाठी आकसल्या होत्या. काका पूर्ण बरे होणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. पण यंदा लावणीच्या वेळी बांधावर बसून ते सगळ्यांना कामं सांगत होते.

आता आपल्याकडे काय करता येईल ते. शहापूरकरांना आसनगावहून लोकल तरी आहे. मुरबाडला रेल्वे नाही. आधी एसटीने कल्याण, मग परळ. एका तपासणीपायी दोघांची मजुरी बुडते. डॉक्टरांची संमती असेल तर रक्त तालुक्यालाच द्यावं, मात्र दर वेळी एकाच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकडाही थोडा बदलू शकतो. रिपोर्ट तारखेनुसार एका फायलीत लावावेत. घरी वाचता येणारं कोणी नसेल तर हे काम आपण करायचं. तुमच्या देणगीतून प्रवासखर्च निघतो, पण फाईल धरून डॉक्टरांसमोर बसणारं माणूसही लागतं.

काकांची पुढची तारीख सोमवारची आहे. पहाटेच्या एसटीने त्यांच्याबरोबर जाणारं कोणी असेल, तर सभा संपल्यावर मला भेटा.