ज्ञानदान आणि मुक्त संगणक-प्रणाली
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा सारांश)



आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी दानाची चार अंगे आपण मानतो. आज शास्त्रदानाची कक्षा शाळेच्या संगणक कक्षापर्यंत पोहोचली आहे. दानशूर मंडळी शाळेला संगणक देतात, कोनशिलेवर नाव कोरले जाते. परंतु त्या यंत्रात चालणारी प्रणाली कोठून आली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

अनेक ठिकाणी उत्तर अवघड असते. परवान्याचे पैसे नसल्याने कोणाकडून तरी तबकडी आणून प्रणाली उतरवून घेतली जाते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे बनावट वस्तूचा व्यवहार, हे दोन्ही सांगितले आहेत. पाठशाळेत अचौर्य शिकवायचे आणि शेजारच्या खोलीत अनधिकृत प्रतीवर मुलांना धडे द्यायचे, ही विसंगती आपल्याला शोभणारी नाही. यावर दोनच सन्मार्ग आहेत: योग्य मूल्य देऊन परवाना घ्यावा, किंवा जी प्रणाली निर्मात्यांनीच सर्वांसाठी खुली ठेवली आहे ती स्वीकारावी.

ही दुसरी वाट रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर करून आखली. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’चा गाभा लिहिला. अशा मुक्त प्रणालीत वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये असतात: ती कोणत्याही कामासाठी चालवण्याचे, तिची मूळ संहिता अभ्यासण्याचे, तीत बदल करण्याचे आणि ती इतरांना वाटण्याचे.

मूळ संहिता खुली असण्याचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. षट्खंडागम व त्यावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत सुरक्षित होती. पण ती दर्शनाची वस्तू झाली होती, अध्ययनाची नव्हे. डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये तिचा पहिला खंड आपल्या अमरावतीहून प्रकाशित झाला, तेव्हा ती अभ्यासकांच्या हाती आली. श्रुतपंचमीला आपण ज्या श्रुताची पूजा करतो, त्याचे रक्षण कुलुपाने झाले. प्रसार मात्र खुलेपणाने झाला.

आता व्यवहाराकडे वळू. केरळ राज्याने २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून सरकारी व अनुदानित शाळांत क्रमाक्रमाने मुक्त प्रणाली आणली. २०१७ पासून हे काम ‘काइट’ ही संस्था पाहते. तेथील यशाचे मर्म यंत्रांपेक्षा शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि मल्याळम भाषेच्या सोयीत आहे.

आपल्या शाळेस लागणारी साधने आज उपलब्ध आहेत. पत्रव्यवहार, तक्ते व सादरीकरणासाठी ‘लिब्रेऑफिस’. लहान मुलांच्या खेळकर शिक्षणासाठी ‘जीकॉम्प्रिस’. वर्गाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी ‘मूडल’. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिब्रेऑफिसचे मराठी पाठही आहेत. ग्रंथालयासाठी न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ‘कोहा’ ही प्रणाली जानेवारी २००० पासून वापरात आहे. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट, दान!

दुसरा लाभ अपरिग्रहाचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नियमित सेवा संपली आणि पुष्कळ जुनी यंत्रे ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट असताना ते भंगारात टाकणे म्हणजे नव्या खरेदीचा व कचऱ्याचा दुहेरी भार होय. त्यातील बरीच यंत्रे लिनक्सच्या हलक्या आवृत्त्यांवर आणखी काही वर्षे उत्तम काम देऊ शकतात.

तथापि, मुक्त म्हणजे विनाखर्च, असे समजू नये. प्रशिक्षण, देखभाल आणि जाणकार माणूस यांवर खर्च येतोच. काही हिशेबाच्या प्रणाली व जुने छपाईयंत्र लिनक्सवर नीट चालत नाहीत. जुन्या मराठी फाँटमधील मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. म्हणून एका रात्रीत बदल नको.

ट्रस्टपुढे माझी नम्र सूचना अशी: पहिल्या वर्षी सध्याच्याच संगणकांवर लिब्रेऑफिस वापरावे, दुसऱ्या वर्षी एका कक्षात लिनक्स आणावे, तिसऱ्या वर्षी शाळेच्या व मंदिराच्या ग्रंथसंग्रहाची सूची कोहावर करावी. परवान्यांवरील जो खर्च वाचेल, तो शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. आणि जे घेतले त्याचे ऋण फेडावे: आपल्या विद्यार्थ्यांनी या प्रणालींच्या मराठी अनुवादात भर घालावी, म्हणजे त्याचा लाभ गडचिरोलीपासून गोव्यापर्यंतच्या मुलांना होईल.

संगणकासाठी देणगी देणाऱ्यांना एवढीच विनंती, की देताना यंत्राबरोबर शिक्षकाचाही विचार करावा. दिल्याने उणे होत नाही असे धन ज्ञानाचेच आहे. ते आपल्या मुलांना निष्कलंक हातांनी देऊ या.

जय जिनेंद्र!