मावळ्याच्या पायाखालचा कातळ

दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात. पण शहरात फ्लॅटमध्ये अंगण कुठलं? म्हणून आमच्या गटाने ठरवलं, एक-दोन मावळे उभे राहतील असा ताटलीएवढा मातीचा कातळ करून विकायचा. त्याला आम्ही बैठक म्हणतो.

पहिल्या वर्षी 60 बैठका केल्या, त्यातल्या 40 तडकल्या. पैसे गटातून कर्जाऊ घेतलेले. मासिक सभेत कुणी कुणाकडे बघेना. दोष कुणाचा, यातच दोन सभा गेल्या. शेवटी फुटके तुकडे मधे ठेवून बसलो, तेव्हा उलगडा झाला.

एक तर माती शेतातली, काळी. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जन्मभर बघतोय, तरी ध्यानात आलं नाही! दुसरं म्हणजे मावळे ओल्या मातीतच दाबून बसवले. वाळताना माती आकसते, मावळा आकसत नाही. तडा बरोबर त्याच्या पायाशी.

आता आम्ही शाडू घेतो. रद्दी कागद भिजवून, लगदा पिळून त्यात मळतो, म्हणजे माती धरून राहते. बैठक भरीव ठेवत नाही, खालून कोरतो. सगळीकडे जाडी बोटाएवढी. कुठे जाड, कुठे पातळ झालं की पातळ भाग आधी वाळतो आणि ओढाताण सुरू होते. वाळवण सावलीतच, पहिले दोन दिवस वर ओलसर फडकं. मावळ्यासाठी पायापेक्षा जरा मोठा खळगा करून ठेवायचा, मावळा मागाहून फेविकॉलने चिकटवायचा.

तडे थांबले, तर एक ताई म्हणाली, "अगं, हा कातळ कसला, ही तर ढेकळं!" खरंच होतं. मग समोरचा डोंगर नीट बघितला. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. उभा कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा. तसेच मातीचे थर आम्ही एकावर एक बसवतो. मधे ओल्या मातीचं पाणी लावायला विसरायचं नाही, नाहीतर थर सुटतात. कडा सुरीने न कापता हाताने तोडतो आणि फुटक्या काळ्या दगडाची बाजू त्यावर दाबतो. ओढ्यातला गोटा नको, तो गुळगुळीत. रंग आधी काळपट द्यायचा. तो वाळला की राखाडी रंगात बुडवून पुसलेला, जवळजवळ कोरडा ब्रश वरून फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खाचा काळ्याच राहतात. हे काम मात्र सगळ्यांच्या आवडीचं, त्यावरून भांडणं होतात.

एक अडचण अजून आहे. ही माती भाजलेली नाही. गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकाच्या मुलाने किल्ल्यावर पेरतात तसे हळीव पेरले, पाणी घातलं, आणि कातळाचा चिखल झाला. आम्ही पैसे परत दिले. चूक आमचीच, आधी सांगायला हवं होतं. आता प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावतो.

यंदा गावातल्या कुंभारकाकांच्या मातीच्या 10 बैठका करून त्यांच्याच भट्टीत भाजायला देणार आहोत. किती शाबूत निघतात, ते दिवाळीआधी इथेच सांगू.