चिठ्ठी कुणाची?



समोर बसलेल्यांत निम्मे डॉक्टर आहेत, आणि आजचं माझं भांडण त्यांच्याशी आहे. उरलेल्यांत भाषेचे अभ्यासक आहेत. त्यांच्याशीही आहे, पण ते जरा नंतर.

माणदेशात मी ४२ वर्षं दवाखाना चालवला. तिथली एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. घडीवर फाटलेली, कोपऱ्याला हळदीचा डाग. अक्षर माझंच. गुडघे धरलेल्या एका आजीला मी दुखण्यावरची गोळी लिहून दिली होती आणि पुढे तीन अक्षरं टाकली होती, एसओएस. तोंडानं सांगितलंही असेन. पण आजीबरोबर घरी गेली ती चिठ्ठी. मेडिकलमधल्या नव्या पोरानं तीन अक्षरं पाहिली आणि सांगून टाकलं, तीन वेळा. अडीच महिने आजी दिवसाला तीन गोळ्या घेत राहिल्या, कधी भाकरी खाऊन, कधी उपाशीपोटी. मुलगा त्यांना एसटीतून घेऊन आला तेव्हा शी डांबरासारखी काळी होत होती. पापणी खाली ओढून पाहिली तर आत कागदासारखं पांढरं. जठरात व्रण पडून आतल्या आत रक्त जात होतं. तालुक्याला नेऊन रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, तेव्हा त्या वाचल्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी ही चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "डाक्टर, ह्यात कुठं लिवलंय, दुखलं तरच घे म्हणून?"

लिहिलं होतं. लॅटिनमध्ये लिहिलं होतं. एसओएस ही 'सी ओपुस सित' ह्या शब्दांची आद्याक्षरं. अर्थ, गरज पडली तर. आजींनी त्याचं मराठी मला तिथल्या तिथे करून दिलं, 'दुखलं तरच'. बीडी म्हणजे 'बिस दिए', दिवसातून दोनदा. एचएस म्हणजे 'होरा सोम्नी', झोपायच्या वेळी. आणि चिठ्ठीच्या माथ्यावर आपण जो आरएक्स काढतो, तो 'रेसिपे', म्हणजे 'घे'. हा 'घे' रुग्णाला म्हटलेलाच नाही. तो औषध कुटणाऱ्याला होता: हे इतकं घे, ते तितकं घे, एकत्र खल कर. चिठ्ठी हा दोन जाणकारांमधला कागद होता, म्हणून ती त्या दोघांच्या भाषेत असे. आज गोळी कारखान्यातून पाकीटबंद येते आणि ती फोडून तोंडात टाकतो रुग्ण. वाचणारा बदलला, तरी आपण जुन्याच माणसाला पत्र लिहितो आहोत.

माझे डॉक्टर मित्र म्हणतात, लॅटिन नेमकी असते, तिथे घोटाळा होत नाही. मग ओडीचं काय करता? आपल्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे रोज एकदा. चष्म्याच्या नंबराच्या कागदावर तीच दोन अक्षरं म्हणजे 'ओक्युलुस देक्स्तेर', उजवा डोळा. डोळ्यात घालायच्या थेंबांपुढे ओडी लिहिलं असेल तर मेडिकलवाल्यानं कुठला अर्थ घ्यायचा? अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये 'वापरू नका' अशी यादीच काढली. तिच्यात रोज एकदा ह्या अर्थाचं क्यूडी आहे, कारण ते क्यूआयडी, म्हणजे चारदा, असं वाचलं जात होतं. ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी तिथल्या डॉक्टरांना सांगते की सूचना शक्यतो इंग्रजीत आणि संक्षेप टाळून लिहा. ज्यांच्याकडून आपण हे संक्षेप घेतले, ते आपल्या रुग्णाच्या भाषेकडे वळले. आपल्याकडे २०१६ मध्ये नियम आला, औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. चांगलं झालं. औषधाचं नाव वाचता येऊ लागलं. ते कधी घ्यायचं, ते तसंच लॅटिनच्या मुठीत राहिलं.

शरीराच्या अवयवांची लॅटिन नावं हा वेगळा विषय आहे. तिथे माझी तक्रार नाही. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी जपानी आणि पोर्तुगीज विद्यार्थ्याला एकच नाव लागतं. शरीररचनेच्या शास्त्रज्ञांनी आपलं घरही झाडून काढलं. १८९५ साली बाझेलला त्यांनी सुमारे ५०,००० नावांच्या जंगलातून साडेपाच हजारांच्या आसपास नावं ठेवली. आणि ही नावं कुठली होती? घरातली. गुडघ्यावरची पटेला म्हणजे छोटी थाळी. नडगीचं हाड टिबिया म्हणजे बासरी. स्नायूला म्हणतात तो मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर. रोमच्या माणसाला दंडाच्या कातडीखाली उंदीर पळताना दिसला.

आता भाषेच्या अभ्यासकांनो, तुमच्याकडे वळतो. आपल्या पोरांनी दंड वळवून काय काढून दाखवलं? बेटकुळी. बेटकुळी म्हणजे छोटी बेडकी. रोमला उंदीर दिसला, आपल्याला बेडकी दिसली. त्यांनी गुडघ्याला थाळी म्हटलं, आपण वाटी म्हणतो. त्यांची 'पुपिला' म्हणजे इवलीशी बाहुली, आणि आपल्याही डोळ्यात बाहुलीच असते, समोरच्या माणसाच्या डोळ्यात आपलं चिमुकलं रूप दिसतं म्हणून. इतकी जिवंत भाषा हाताशी असताना तुम्ही वाटीची जान्वस्थी केलीत, नडगीच्या हाडाची अंतर्जंघास्थी केलीत. माझ्या आजींना एसओएस कळलं नाही, तसंच 'यथावश्यक सेवनीय'ही कळलं नसतं. एक लॅटिन काढून तिच्या जागी दुसरी लॅटिन बसवण्यासाठी मी ह्या व्यासपीठावर उभा नाही. माकडहाड, खुबा, पोटरी, बरगडी, वार, नाळ हे शब्द ग्राम्य म्हणून कोशाच्या तळटिपेत ढकलणं थांबवा.

हे माझं चिठ्ठ्यांचं पॅड. त्या प्रसंगानंतर छापून घेतलं, शेवटपर्यंत हेच वापरलं. चार रकाने आहेत: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. खाली दोन ओळी, जेवणाआधी आणि जेवणानंतर. मग 'किती दिवस'. आणि सगळ्यांत खाली, ठळक, 'दुखलं तरच'. एका रुग्णामागे अर्धं मिनिट जास्त जातं. गर्दीचं कारण मला सांगू नका. बाजाराच्या दिवशी माझ्या ओसरीवरही शंभर माणसं असायची.

अध्यक्ष म्हणून मी ह्या संमेलनापुढे एक ठराव मांडतो: रुग्णाच्या हातात जाणाऱ्या चिठ्ठीवर औषध कधी, किती आणि कसं घ्यायचं, हे पूर्ण शब्दांत, त्याला वाचता येईल त्या भाषेत लिहावं. ज्या डॉक्टरांना हे मान्य आहे त्यांनी हात वर करावेत. ज्यांना मान्य नाही त्यांनी घरी जाऊन कुजबुजू नये. इथे, ह्या माईकवर यावं आणि कारण सांगावं. मी खाली बसतो आहे, माईक मोकळा आहे.