पाण्याचं ताट, हातातला आरसा आणि सात रंग

(महासंघाच्या फेब्रुवारी महिन्याच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांच्या प्रतिनिधींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



हप्ते झाले, थकबाकी झाली, बँकेचं झालं. अध्यक्षताईंनी मला शेवटची वीस मिनिटं दिलीत, तीही जेवणाच्या आधीची, म्हणून पटपट बोलते.

माझ्या हातात हा काचेचा तुकडा बघून एक मावशी मघाशी म्हणाल्या, "झुंबराची काच का गं?" अगदी बरोबर ओळखलं त्यांनी. झुंबराला लटकणारी काचसुद्धा हेच काम करते. याला पुस्तकात लोलक म्हणतात, प्रिझम पण म्हणतात. दोन बाजू तिकोनी, बाकी तीन सपाट. आत रंग नाही, पाणी नाही, औषध नाही. नुसती काच. ही जरा हातोहात फिरवा, बघून घ्या. कडा जपा, टवका उडालेली काच बोट कापते.

आता तो दार जरा उघडा ठेवा. उन्हाची तिरीप येतेय तिथे मी लोलक धरते आणि हळूहळू फिरवते. समोरच्या भिंतीकडे बघा. दिसलं? वरून खाली पट्टा. तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शाळेत आपण "तानापिहिनिपाजा" पाठ केलेलं, ते हेच. किती जणींनी पाठ केलं होतं? आणि किती जणींनी तेव्हा डोळ्यांनी बघितलं होतं? बघा, हात किती खाली गेले.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. १९२८ साली त्या दिवशी सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाबद्दलचा त्यांचा शोध जाहीर केला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शाळेत त्या दिवशी कार्यक्रम होतील, चांगलंच आहे. पण मला शाळेबद्दल बोलायचं नाही. घराबद्दल बोलायचंय.

मी गटांच्या बैठकांना येते तेव्हा तुमची मुलं मांडीवर, ओट्यावर, दारात असतात. ती सारखी विचारत असतात. पाणी निळं का दिसतं, चांदोबा आपल्याबरोबर का चालतो, इंद्रधनुष्य कुठे टेकतं. आणि आपण काय म्हणतो? "गप बस, मोठ्यांचं चाललंय." नाहीतर, "बाईंना विचार उद्या." का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मला काय येतंय ताई, मी सातवी शिकलेली." ज्या बाई शेकडा दोन टक्क्याचं व्याज तोंडी सांगतात, त्याच हे म्हणतात! पण मुलाला यातून एकच कळतं, की आईला विचारून उपयोग नाही. मुलीला तर त्याहून जास्त कळतं. तिला वाटतं, मोठं झाल्यावर बाईमाणसाला हे येतच नसतं.

म्हणून आज घरचा लोलक शिकवते. खर्च शून्य.

एक खोलगट ताट किंवा परात घ्या. पाणी भरा. सकाळी किंवा दुपार कलल्यावर दारातून जिथे ऊन आत येतं तिथे ठेवा. कुंकू लावायचा छोटा आरसा पाण्यात तिरका उभा करा, अर्धा बुडालेला, ताटाच्या काठाला टेकवून, तोंड उन्हाकडे. घसरत असेल तर खाली खडा लावा. आता आरसा मागेपुढे झुकवत राहा, म्हणजे कवडसा भिंतीवर किंवा आढ्यावर पडेल. भिंत मातीची असेल तर पांढरा कागद धरा. पाणी हलतंय तोवर नुसता उजेड नाचेल. पाणी थांबू द्या. मग कवडशाच्या कडेला रंग उमटतात. आरसा आणि पाण्याचा वरचा भाग यांच्यामध्ये पाण्याची जी पाचर तयार होते, तोच आपला लोलक.

एक गोष्ट मात्र सक्त. लोलकातून किंवा आरशातून सूर्याकडे बघायचं नाही, आणि कवडसा कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही. मुलं मारतातच, म्हणून आधीच सांगा.

आता मूल विचारेल, रंग आले कुठून? फार वर्षं मोठमोठ्या विद्वानांनाही वाटायचं की काचच उजेडाला रंग लावते. न्यूटननं ते तपासून बघितलं. हा इंग्लंडच्या एका खेड्यातला मुलगा. बाप त्याच्या जन्माआधीच गेलेला. आईला वाटलं यानं शेती बघावी, म्हणून तिनं त्याला शाळेतून काढलं. शेतीत त्याचं लक्ष लागेना. मग मामानं आणि शाळेच्या मास्तरांनी आईला समजावलं आणि तो परत शाळेत गेला. (आपल्याकडे मुलगी दहावीनंतर घरी बसवली की समजवायला कोण जातं, हा वेगळा विषय आहे, पण माझ्या मनात येतोच.) पुढे प्लेगच्या साथीत त्याचं विद्यापीठ बंद पडलं, जशा कोरोनात आपल्या शाळा बंद होत्या. त्याच काळात, १६६६ साली, त्यानं तिकोनी काच मिळवली, खोलीत अंधार केला, खिडकीच्या फळीला भोक पाडलं आणि ऊन लोलकातून २२ फूट लांबच्या भिंतीवर पाडलं. मग त्यातला एकच रंग घेऊन दुसऱ्या लोलकातून सोडला. काच जर रंग लावत असती तर इथे रंग बदलायला हवा होता. बदलला नाही. तांबडा तो तांबडाच राहिला. आणि सगळे रंग परत एकत्र केले तर पुन्हा पांढरा उजेड झाला. म्हणजे रंग उजेडातच होते, काचेनं फक्त वेगळे केले. पुस्तकात याला अपस्करण म्हणतात. शब्द लक्षात राहिला नाही तरी चालेल.

वेगळे कसे केले? बैलगाडी आठवा. तिरकी चालताना एक चाक आधी चिखलात गेलं की ते मंदावतं आणि गाडी त्या बाजूला वळते. उजेडही हवेतून काचेत किंवा पाण्यात तिरका शिरताना मंदावतो आणि वळतो. तांबडा कमी वळतो, जांभळा सगळ्यात जास्त. बाकीचे मधे. म्हणून ते पांगतात.

हे वळणं नुसतं गमतीचं नाही. याच्यामुळेच पाणी आहे त्यापेक्षा उथळ दिसतं. वरून सरळ खाली बघितलं तर चार फूट पाणी तीन फुटांसारखं वाटतं. शेततळ्याच्या, विहिरीच्या, नदीच्या काठावर उभं राहून पोरं म्हणतात "एवढंच तर आहे", आणि उतरतात. बादलीत काठी तिरकी घालून मुलांना ती मोडल्यासारखी दिसते ते दाखवा, मग तळ्याचं सांगा. नुसतं "जाऊ नको" म्हणण्यापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

इंद्रधनुष्याचंही तेच. पावसाच्या प्रत्येक थेंबात ऊन शिरतं, वळतं, थेंबाच्या मागच्या बाजूला आपटून परततं आणि बाहेर पडताना पुन्हा वळतं. त्यामुळे सूर्य नेहमी आपल्या पाठीमागे लागतो. सकाळचं इंद्रधनुष्य पश्चिमेला, संध्याकाळचं पूर्वेला. भर दुपारी दिसत नाही, कारण सूर्य ४२ अंशांपेक्षा वर चढला की कमान जमिनीखाली जाते. पावसाळ्यापर्यंत थांबायची गरज नाही. आत्ता हरभऱ्यात, कांद्यात तुषार चालू आहेत ना? सकाळी सूर्याकडे पाठ करून उभ्या राहा, फवाऱ्यात दिसेल. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबूनही होतं. औषध फवारायचा पंप मात्र यासाठी वापरू नका, धुतलेला असला तरी.

आणखी एक. शेजारी उभ्या असलेल्या दोघींचं इंद्रधनुष्य एकच नसतं, कारण प्रत्येकीच्या डोळ्यांत वेगवेगळ्या थेंबांचा उजेड येतो. आपण सरकलो की तेही सरकतं. म्हणून त्याचं टोक कुणाला सापडत नाही. पण पोराला हे आधी सांगू नका. पळू दे त्याला. दमून आला की विचारेल.

मूल म्हणालं की मला सात नाही, पाचच रंग दिसतात, तर "चूक" म्हणू नका. एक रंग संपून दुसरा कुठे सुरू होतो याची रेघ तिथे नसतेच. सात ही मोजणी न्यूटनची, गाण्याच्या सात सुरांवरून त्यानं ठरवलेली. निळा आणि जांभळा यांच्या मधला पारवा तर मलाही नीट दिसत नाही. आणि जे येत नाही तिथे "चल, करून बघू" म्हणा. तेवढं आलं तरी बास.

काही ताईंनी आधीच विचारलंय, गटाचा पैसा काचेत कशाला घालायचा? प्रश्न रास्त आहे. आजचा लोलक मी माझ्या पैशानं आणलाय, बचतीला हात लावलेला नाही. माझी विनंती एवढीच, की प्रत्येक ग्रामसंघानं महिन्यातला एक रविवार, सकाळचा एक तास मुलांसाठी ठेवावा. लोलक आळीपाळीनं गावोगाव जाईल. ज्या आठवड्यात तो नाही, त्या आठवड्यात ताट आणि आरसा आहेच. आणि तिथे लोलक मुलींच्या हातात आधी द्या. बहुतेक ठिकाणी मी बघते, वस्तू मुलांकडे असते आणि मुली मागून माना उंचावून बघतात.

लोलक मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवायचा, बोटांचे डाग पडले की कोरड्या फडक्यानं पुसायचा. कार्यालयातल्या हालचाल वहीत गावाचं नाव आणि तारीख लिहून सही करून न्यायचा. पहिला रविवार कोणत्या गावाचा, ते जेवायला जाताना मला सांगा.