हाताची सवय आणि रॅकेटची निवड

टेनिसचा सामना पाहताना आपली दृष्टी चेंडूमागे धावत असते. खेळाडूच्या हातातील रॅकेटकडे आपले फारसे लक्ष जात नाही. परंतु व्यावसायिक खेळाडूला विचाराल, तर वर्षानुवर्षांच्या सरावाने ती रॅकेट त्याच्या मनगटाचाच एक भाग होऊन बसलेली असते. अशी रॅकेट बदलावी केव्हा, हा त्याच्यापुढील मोठा कठीण प्रश्न होय.

लाकडी रॅकेटचे तोंड सुमारे ६५ ते ७० चौरस इंचांचे असे. १९७६ साली हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याची भल्या मोठ्या तोंडाची रॅकेट बाजारात आली, तेव्हा पुष्कळांनी तिची थट्टा केली. परंतु १९७८ साली पॅम श्रायव्हर ही १६ वर्षांची मुलगी तीच रॅकेट घेऊन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचली आणि थट्टा ओसरली. लहान तोंडाची रॅकेट चेंडू मधोमध बसला तर अचूक साथ देते. मात्र किंचित चूकही ती खपवून घेत नाही. मोठ्या तोंडाची रॅकेट अशा चुका सांभाळून घेते; परंतु लहान रॅकेटची सवय असलेल्या हाताला तिच्यावर तोच ताबा सहजी लाभत नाही.

ब्योर्न बोर्गने लाकडी रॅकेटने १९७६ ते १९८० अशी सलग ५ वर्षे विम्बल्डन जिंकले. तिच्या तातींचा ताण ८० पौंडांच्या आसपास असे. १९९१ साली माँटे कार्लो येथे तो पुन्हा मैदानात उतरला, तेव्हाही त्याच्या हाती लाकडी रॅकेटच होती. भोवतालचे खेळाडू एव्हाना ग्रॅफाइटच्या रॅकेटने खेळत होते. जोर्डी आरेसे या स्पॅनिश खेळाडूने पहिल्याच फेरीत त्याचा सरळ पराभव केला. मध्यंतरीच्या दीर्घ खंडाचाही त्यात वाटा होता, हे खरे. तथापि निष्ठा कोठे संपते आणि हट्ट कोठे सुरू होतो, हा प्रश्न त्या पराभवाने उभा केला.

रॉजर फेडररने २००३ चे पहिले विम्बल्डन ९० चौरस इंचांच्या रॅकेटने जिंकले. पुढे नदालचे उंच उसळणारे चेंडू त्याच्या एकहाती बॅकहँडला छळू लागले. २०१३ साली विम्बल्डनच्या दुसऱ्याच फेरीत हरल्यावर त्याने मोठी रॅकेट वापरून पाहिली, परंतु काही आठवड्यांतच तो जुनीकडे परतला. २०१४ साली मात्र त्याने ९७ चौरस इंचांची रॅकेट स्वीकारली. लगेच मोठे यश लाभले नाही. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तो हरला. अखेर २०१७ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन स्पर्धेत त्याने नदालला पाच सेटमध्ये नमविले, आणि त्या विजयात बॅकहँडचा वाटा मोठा होता.

याचे श्रेय एकट्या रॅकेटला देणे अन्यायाचे होईल. विश्रांती, परिश्रम आणि खेळाचा नवा विचार हेही त्यामागे होते. परंतु ज्या हत्याराने कीर्ती मिळवून दिली, ते खाली ठेवून हाताला नव्याने शिकविण्याची तयारी त्याने प्रौढ वयात दाखविली. नवी रॅकेट पेलण्यास बळ थोडेच लागते. सरावाचे ते रुक्ष महिने आणि मधले पराभव पेलण्यास मात्र फार मोठे मन लागते.