कर्जबाजारी माणसाचे राहते घर

कर्ज फेडणे अशक्य झालेल्या माणसाला मोठी चिंता असते ती राहत्या घराची. दिवाळखोरी जाहीर केली की देणीही मिटतात आणि घरही वाचते, हा समज खरा नाही. गृहकर्जासाठी तारण ठेवलेल्या घरावर बँकेचा हक्क कायम राहतो. २००२च्या सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस देऊन बँक ताब्याची कारवाई करू शकते. मग तारण नसलेल्या घराचे काय? मुंबईत १९०९चा, तर उर्वरित महाराष्ट्रात १९२०चा जुना नादारी कायदा आहे. घराच्या जप्तीबाबतची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे: तिचे कलम ६० शेतकरी, मजूर आणि घरगुती नोकर यांचे राहते घर जप्तीतून वगळते. कारकुनाला किंवा दुकानदाराला तो आधार नाही.

२०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने ठरावीक किमतीपर्यंतचे, बोजा नसलेले एक राहते घर वसुलीतून वगळले. पण व्यक्तींसाठीच्या या तरतुदी डिसेंबर २०१९पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाल्या. त्या सर्वांना लागू व्हायला हव्यात. अशाने लोक मुद्दाम कर्ज बुडवतील, असा आक्षेप घेतला जातो. परंतु तारणातले घर या सवलतीत येतच नाही. पोटगी, न्यायालयाचा दंड आणि शैक्षणिक कर्ज यांतूनही सुटका नाही. शिवाय डोक्यावर छप्पर असलेला माणूसच पुन्हा कमावून उभा राहण्याची शक्यता अधिक. हा बदल होईपर्यंत दोन पथ्ये पाळा: उधारी फेडण्यासाठी मोकळे घर घाईने तारण ठेवू नका, आणि हप्ता चुकण्याआधीच बँकेशी बोला.